विश्रामबागेतल्या टाकीत अपिस्टोची वीण: तीनदा हातची गेली, चौथ्यांदा टिकली

हे प्रकरण सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका फ्लॅटमधल्या, अपिस्टो या छोट्या शोभेच्या माशाच्या विणीचे आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. पाण्याची मोजमापे आणि तारखांचा क्रम मात्र घरातल्या मुलीने ठेवलेल्या वहीतून घेतला आहे. या वहीमुळेच हे प्रकरण लिहिण्याजोगे झाले. 'अंडी घातली आणि खाल्ली' एवढेच सांगणारे पाळणारे पुष्कळ भेटतात, पण अंडी किती दिवस टिकली, पिल्ले पोहायला लागली होती का आणि त्या आठवड्यात पाणी कुठले होते हे सांगणारा क्वचितच भेटतो.

पार्श्वभूमी

टाकी ३० इंच लांब, १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच. वाळू आणि लाकूड वजा जाता आत सुमारे ८८ लिटर पाणी. झाडे म्हणजे लाकडावर बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न, मागे व्हॅलिस्नेरिया, पुढे क्रिप्ट, कोपऱ्यात जावा मॉसचा मोठा गठ्ठा. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) छोटा सिलिंडर, दिव्याची वेळ आठ तास, मागच्या काचेवर टांगलेला फिल्टर. मासे म्हणजे दहा रम्मी नोज टेट्रा, तळाशी चरणाऱ्या तीन कॉरी आणि मुंबईहून आलेल्या मालातली अपिस्टोग्रामा ककाटुऑइडीसची एक जोडी. बाजारात हिला 'कॉकाटू' किंवा 'डबल रेड अपिस्टो' म्हणतात.

सुरुवातीला ही जात निवडली ते योग्यच होते. पश्चिम ॲमेझॉन खोऱ्यातला हा मासा पानांच्या अर्काने गडद झालेल्या मऊ पाण्यातल्या आपल्या भाईबंदांइतका हट्टी नाही, थोडे कठीण पाणी सोसतो. नर आठ सेंटीमीटरपर्यंत जातो, मादी पाचच्या आसपास राहते. मादी गुहेच्या छताला उलटी होऊन अंडी चिकटवते आणि त्यानंतर तिचा रंग गर्द पिवळा होतो, अंगावर काळे पट्टे उठून दिसतात. २६ अंशांना अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात. पुढचे चार-पाच दिवस पिल्ले नुसती वळवळत पडून असतात, मग पोहू लागतात. या तीन टप्प्यांचा हिशेब लक्षात ठेवावा, पुढचे सगळे प्रकरण त्यावर उभे आहे.

टाकी ऑगस्टमध्ये लावली. गुहा म्हणून नारळाची अर्धी करवंटी, कडेला अडीच सेंटीमीटरचे भोक पाडून पालथी ठेवलेली. विकतच्या कुठल्याही गुहेपेक्षा ही चांगली. आतला भाग खरखरीत असतो, अंडी घट्ट धरतात.

पहिली वीण: अंडी पांढरी पडली

ऑक्टोबरमध्ये मादी पिवळी झाली आणि करवंटीच्या तोंडाशी ठाण मांडून बसली. टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा वापरून पाहिले तर छताला साठ-सत्तर तांबूस अंडी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्मी पांढरी, तिसऱ्या दिवशी बुरशीचा कापूस आणि चौथ्या दिवशी करवंटी साफ.

दुकानदाराचे म्हणणे होते, "साहेब, पहिलटकरीण आहे, खातेच. दोन-तीन वेळा जाऊ द्या." पहिल्या विणीत मादी गोंधळते हे खरे आहे. पण गोंधळलेली मादी चांगली अंडी खाते. इथे अंडी आधी पांढरी पडली आणि मग तिने ती उचलली. मेलेली अंडी काढून टाकणे हे तिचे कामच आहे. क्रम उलटा लावला की दोष मादीच्या माथी बसतो आणि खरे कारण तसेच राहते.

कारण पाण्यात होते. ऑगस्टमध्ये नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) २७० मोजला होता, तो महापालिकेच्या कृष्णेच्या पाण्याचा. त्यानंतर कोणी मीटर हातात घेतला नव्हता. आता टाकीत ६४० निघाला, जीएच (एकूण कठीणपणा) १९, केएच (पीएच धरून ठेवणारा कार्बोनेटचा कठीणपणा) ११. नळाला त्याच दिवशी ५६०. चौकशी केल्यावर कळले की महापालिकेचे पाणी कमी दाबाने आले की सोसायटी बोअर चालू करते आणि दोन्ही पाणी वरच्या एकाच टाकीत पडते. बोअरचा टीडीएस ९५० होता. नळ तोच, पाणी मात्र आठवड्यागणिक वेगळे. ज्यांच्या इमारतीत बोअर आहे त्यांनी पाणी बदलण्याआधी प्रत्येक वेळी मीटर बुडवावा. एकदा मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही.

तरी नळाला ५६० आणि टाकीत ६४०, हा फरक उरतोच. बाष्पीभवन आणि झाडांचे खत यांनी त्यातला काही भाग समजतो. उरलेला वाळूतून येत होता. तळाला नदीची वाळू होती. आपल्याकडच्या काळ्या मातीतून वाहून आलेले चुनखडीचे बारीक खडे आणि शिंपल्यांचे तुकडे तिच्यात असतात. पेल्यात मूठभर वाळू घेऊन व्हिनेगर ओतले तर लगेच बुडबुडे आले. त्यात सीओटू सोडलेला. सीओटूने पाणी आम्लधर्मी होते आणि चुनखडी अधिक वेगाने विरघळते. झाडांसाठी केलेली सोय इथे पाण्याचा कठीणपणा वाढवत होती.

अशा पाण्यात प्रौढ अपिस्टो मजेत जगतात, खातात, रंगतात, अंडीही घालतात. म्हणून संशय येत नाही. कठीणपणाचा फटका अंड्यांना बसतो. ती नीट फळत नाहीत आणि न फळलेल्या अंड्यावर बुरशी आधी धरते.

इथले निर्णय

मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचे औषध टाकीत टाकण्याचा सल्ला आला होता, तो मानला नाही हे चांगले झाले. ते झाडांना बाधते आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही. शिवाय न फळलेले अंडे औषधाने फळत नाही.

बदामाची पाने टाकून पीएच उतरवावा असाही विचार झाला. रस्त्याकडेच्या देशी बदामाची, झाडावरून आपोआप गळलेली तपकिरी पाने सांगलीत हवी तेवढी मिळतात. ती जरूर वापरावीत, पिल्लांना लपायला आणि चरायला त्यांच्यासारखी जागा नाही. पण केएच ११ असताना पाने फक्त पाण्याला चहाचा रंग देतात, पीएच जागचा हलत नाही. आधी केएच उतरला पाहिजे.

मग दोन कामे केली. पहिले, वाळू बदलली. एका दमात नाही, दहा-दहा दिवसांच्या अंतराने तिसरा-तिसरा हिस्सा जाड नळीने ओढून काढला आणि जागी अर्धा ते एक मिलिमीटरची धुतलेली सिलिका वाळू घातली. पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये भरतात तीच. एकदम सगळी काढली असती तर तळातले जिवाणू गेले असते आणि साठलेली घाण पाण्यात मिसळली असती. क्रिप्टची पाने तरीही वितळली, मुळे शाबूत राहिल्याने महिन्याभरात नवी फुटली.

दुसरे, पाण्याचे मिश्रण. घरच्या आरओतून ४० टीडीएसचे पाणी मिळत होते. हे पाणी घेताना यंत्रातला टीडीएस कंट्रोलर बंद आहे ना हे पाहावे लागते. तो चालू असेल तर यंत्र स्वतःच त्यात कच्चे पाणी मिसळते. १६ लिटरच्या बादलीत १० लिटर आरओचे आणि ६ लिटर महापालिकेचे, २८० टीडीएसचे पाणी घेतले की १३० च्या आसपास येते, जीएच साधारण ३. बोअर चालू असेल त्या दिवशी पाणी भरायचेच नाही, असा नियम केला. आठवड्यातून दोनदा एक-एक बादली बदलत महिन्याभरात टाकी ६४० वरून २३५ पर्यंत आली. एका दिवसात उतरवता आली असती, पण माशांना तो धक्का सोसत नाही.

शुद्ध आरओचे पाणी एकट्याने वापरू नये. केएच शून्याजवळ गेला की सीओटू चालू असलेल्या टाकीत पीएच कधी कोसळेल याचा भरवसा नसतो.

दुसरी वीण: एका रात्रीत सगळे गायब

नोव्हेंबरअखेर पुन्हा अंडी. या वेळी पांढरी पडलेली जेमतेम पाच-सहा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छताला शेपट्यांची वळवळ दिसली. चौथ्या दिवशी सकाळी करवंटीत काहीच नव्हते.

इथे घाई झाली. मादीने पिल्ले खाल्ली असे समजून करवंटी उचलून पाहिली गेली. वास्तविक अपिस्टोची मादी वळवळती पिल्ले तोंडात धरून एका जागेवरून दुसरीकडे हलवते, वाळूत खड्डा करून ठेवते, लाकडाखाली नेते. करवंटी रिकामी दिसली म्हणजे पिल्ले मेली असे नव्हे. मादी पिवळी आहे का आणि ती एखाद्या जागेवर पहारा देते आहे का, हे आधी पाहावे. रंग उतरून ती इतर माशांसारखी हिंडू लागली असेल तरच वीण गेली म्हणावे. या खेपेला दुपारपर्यंत तिचा पिवळा रंग फिका पडला, म्हणजे पिल्ले खरोखरच गेली होती. पण करवंटी उचलली तेव्हा हे ठाऊक नव्हते. पिल्ले असती तर त्या उचलण्यानेच गेली असती.

संशय कॉरींवर होता आणि तो बरोबर होता. दिवसा मादी तिन्ही कॉरींना पळवून लावत असे. पण कॉरी अंधारात वासावर आणि मिशांवर अन्न शोधतात, मादीला अंधारात दिसत नाही. दिवा बंद झाला की पारडे फिरते.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर तीन वाटा होत्या आणि घरात दोन दिवस त्यावर बोलणे चालले.

एक, अंडी करवंटीसकट काढून बाहेर फोडायची. चार-पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात टाकीचेच पाणी, अंड्यांवरून हलका प्रवाह जाईल असा एअरस्टोन, पाण्याला फिकट निळी झाक येईल इतके मिथिलीन ब्लू, रोज ड्रॉपरने पांढरी अंडी काढणे. यात हातात येणारी पिल्ले बहुधा जास्त. पण डब्यात तापमान सांभाळणे, रोज पाणी बदलणे आणि वीज गेली की धावपळ. पती-पत्नी दोघेही नोकरीला जाणारे, त्यांना दुपारी डब्याकडे बघायला कोणी नव्हते.

दोन, जोडीसाठी वेगळी १८ इंची टाकी. विणीपुरते चालते, पण इतक्या कमी जागेत पिल्ले सांभाळणारी मादी नराला जीव नकोसा करते. नर मोठा असूनही मरतो.

तीन, झाडांच्या टाकीतच वीण होऊ द्यायची आणि बाकीचे मासे हलवायचे. मॉस, पाने आणि जुनी टाकी यांत पिल्लांना पहिल्या दिवसापासून टिपायला सूक्ष्मजीव मिळतात. उणीव एवढीच की पिल्ले मोजता येत नाहीत.

त्यांनी तिसरी वाट धरली, पण अर्धीच. कॉरी एका स्नेह्याच्या टाकीत गेल्या. टेट्रा ठेवले, कारण आजूबाजूला मासे फिरत असले की अपिस्टो कमी बुजतात. खोलीत रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवायचे ठरले, म्हणजे मादीला अंधुक का होईना दिसेल. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि आमच्या मते तो प्रत्येकाने करावा.

तिसरी वीण: पोहणारी पिल्ले उपाशी गेली

डिसेंबरात मादी पन्नासेक पिल्लांचा थवा घेऊन बाहेर आली. घरात आनंद झाला. नऊ दिवसांनी आठ उरली, दोन आठवड्यांनी एकही नाही.

वहीत पिल्लांना दिलेले अन्न लिहिलेले आहे: चुरडलेले फ्लेक्स आणि उकडलेल्या अंड्याचा बलक. बलक पाण्यात विरघळतो, तळाशी कुजतो, पिल्लांच्या तोंडी फार थोडा लागतो. ताजी पोहू लागलेली अपिस्टोची पिल्ले हलणारे अन्न टिपतात. त्यांच्या आकाराला नुकतेच फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा सूक्ष्म जीव) बरोबर बसते, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. पोट भरले की ते नारिंगी दिसते. पोट सपाट आणि पारदर्शक असेल तर पिल्लू उपाशी आहे, मग बाहेरून ते कितीही चपळ दिसो.

दुसरी गळती फिल्टरची. त्याचा डबा उघडला तेव्हा आत जिवंत तीन पिल्ले सापडली. पाणी ओढणाऱ्या नळीच्या जाळीतून ती सरळ आत गेली होती. तिसरी टेट्रांची. रम्मी नोज दिसायला निरुपद्रवी, पण थव्यापासून सुटलेले पिल्लू ते सोडत नाहीत. यातले कुठले कारण किती पिल्लांना भोवले हे सांगता येत नाही, म्हणून तिन्हींवर एकदम उपाय केला. एरवी एका वेळी एकच गोष्ट बदलावी असे आम्ही सांगतो. इथे तसे करण्यात अर्थ नव्हता. तिन्ही उपाय निर्धोक होते आणि प्रत्येक चाचणीची किंमत एक वीण होती.

चौथी वीण: काय केले

नळीच्या तोंडाला जाड स्पंज बसवला, दर तीन दिवसांनी पिळून धुतला. टेट्रा काढले. हीटर २६ वर ठेवला, कारण जानेवारीच्या रात्री खोली बरीच गार पडत होती.

आर्टेमियाची कृती अशी: दोन लिटरची बाटली उलटी टांगून त्यात एक लिटर पाणी, २५ ग्रॅम खडे मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापासून जोरदार हवा, शेजारी दिवा, तापमान २७ च्या आसपास. चोवीस ते तीस तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी टरफले वर येतात आणि नारिंगी आर्टेमिया खाली उजेडाकडे जमतात. तिथून नळीने ओढून दाट कापडावर गाळायचे, गोड्या पाण्याने धुवायचे. टरफले पिल्लांच्या पोटात अडकतात, म्हणून ती येऊ देऊ नयेत. फुटलेले आर्टेमिया पहिल्या सहा-आठ तासांतच द्यावेत, नंतर त्यांच्यातला पोषक बलक संपत जातो. म्हणून दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने चालवल्या. एअरपंप इन्व्हर्टरवर घेतला. थंडीत बाटली गार पडली तर फुटायला दीड-दोन दिवस लागतात, हे धरून पिल्ले पोहण्याच्या दोन दिवस आधीच पहिली बाटली लावली.

दिवसातून तीनदा, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने थव्याजवळ थोडे-थोडे सोडले. मादी पिल्लांना त्या ढगाकडे घेऊन येते. एक दिवसाआड दहा टक्के पाणी हवेच्या पातळ नळीने पांढऱ्या बादलीत काढले, चुकून ओढलेले पिल्लू बादलीत दिसते आणि परत सोडता येते.

पिल्ले पोहू लागल्यावर तिसऱ्या दिवशी नर वरच्या कोपऱ्यात अडकलेला, परांच्या चिंध्या झालेल्या दिसला. तो त्याच दिवशी दुसरीकडे हलवला. या निर्णयात एक दिवसही घालवू नये.

महिन्याने पिल्ले सेंटीमीटरभर झाली तेव्हा ती २४ इंची मोकळ्या टाकीत स्पंज फिल्टरवर नेली. आठ आठवड्यांनी ३४ जिवंत. मे महिन्यात लिंग ओळखता आले: १८ माद्या, १४ नर, दोन शंकास्पद.

एप्रिलची वीण आणि नरांचा सुकाळ

यश मिळाल्यावर जोडी पुन्हा एकत्र केली आणि एप्रिलच्या सुरुवातीला पाचवी वीण झाली. पद्धत तीच, आठ आठवड्यांनी २९ पिल्ले. ऑगस्टमध्ये मोजणी केली तर २४ नर आणि ४ माद्या, एक अनिश्चित. जुलैच्या मोजणीत सात माद्या धरल्या होत्या. त्यातले तीन दबून राहिलेले नर निघाले. अपिस्टोत दुबळा नर मादीसारखा रंग आणि आखूड पर घेऊन वावरतो, दांडगा नर हलवला की काही आठवड्यांत खरे रूप दाखवतो. म्हणून चार महिन्यांआधीची मोजणी कच्ची समजावी.

फ्लॅट गच्चीखालचा. एप्रिल-मे महिन्यांत टाकी दिवसा ३१, पहाटे २९. रोमर आणि बायझेनहेर्झ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अपिस्टोग्रामाच्या बहुतेक जातींत तापमानाचा लिंगप्रमाणावर परिणाम दिसला होता, उष्ण पाण्यात नर जास्त. परिणाम ठरतो तो सुरुवातीच्या महिना-सव्वा महिन्यात. ही वीण नेमकी त्याच काळात तापली. एका विणीवरून सिद्ध काही होत नाही, पण जानेवारीची वीण २६ अंशांना वाढली आणि तिच्यात जवळपास निम्मे-निम्मे निघाले, हे शेजारी ठेवून पाहावे.

याचा व्यवहारातला त्रास मोठा. चोवीस नर एका टाकीत वाढवता येत नाहीत आणि स्थानिक हौशी मंडळींना हव्या असतात माद्या. बरेचसे नर एकेक करून वाटावे लागले. जास्तीचे मासे कृष्णेत किंवा तळ्यात सोडणे हा पर्याय कधीच नसतो, तो इथे विचारातही घेतला नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या विणीआधी टाकीचा टीडीएस एकदा मोजला असता तर ऑक्टोबरचा सगळा हंगाम वाचला असता. वाळूची व्हिनेगरची चाचणी टाकी लावण्याआधीच करायची असते, नंतर ती बदलायला महिना जातो.

दुसऱ्या विणीनंतर टेट्राही काढायला हवे होते. मासे फिरते हवेत ही गरज खरी, पण ती पिल्ले पोहायला लागेपर्यंतची. पोहू लागली की मादी स्वतःच बाहेर असते.

आर्टेमिया फोडायची तयारी अंडी दिसण्याआधी, एकदा रिकामीच करून पाहावी. बाजारात जुनी, ओल लागलेली अंडी सर्रास मिळतात आणि ती फुटत नाहीत हे पिल्ले उपाशी असताना कळून उपयोग नसतो.

एप्रिलची वीण टाळणे हाच आमच्या मते सर्वांत सोपा मार्ग होता. मार्चअखेर करवंटी काढून नर वेगळा ठेवला असता तर मादीलाही विश्रांती मिळाली असती. लागोपाठ विणींनी ती खंगली होती. वीण हवीच असेल तर झाकण काढून वर जाळी लावावी आणि पाण्यावर टेबलफॅन सोडावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याने दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र भराभर उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणून घटलेले पाणी भरताना शुद्ध आरओचेच भरावे. नळाचे भरले तर टीडीएस पुन्हा वर चढतो. या कुटुंबाने पुढच्या वर्षासाठी ठरवलेला क्रम असा आहे: नोव्हेंबर आणि जानेवारी अशा दोनच विणी, मादी वेगळ्या रक्ताची म्हणजे दुसऱ्या घरून आणलेली, आणि पाणी २५ ते २६ अंश.